गोठत्या हवेतील ऊब : घरगुती वायुस्रोत उष्णता पंपाच्या हिवाळी वापराचा ऐतिहासिक आढावा

सारांश

बाहेरची हवा शून्याखाली गेली असतानाही तिच्यातील उष्णता काढून घेऊन घर उबदार ठेवता येते, हा सिद्धांत १८५२ साली मांडला गेला. तो सर्वसामान्य घरांत विश्वासाने वापरला जाण्यास मात्र सुमारे दीडशे वर्षे लागली. प्रस्तुत लेखात या विलंबाची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे. स्कॉटलंड, स्वित्झर्लंड, अमेरिका, स्वीडन, नॉर्वे, जपान व उत्तर चीन येथील अनुभवांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, ‘थंडीत उष्णता पंप चालत नाही’ ही समजूत निसर्गनियमातून जन्मलेली नसून विशिष्ट काळातील विशिष्ट यंत्रांच्या अपयशातून जन्मलेली आहे. ती समजूत दूर झाली ती यंत्ररचनेतील लहानलहान सुधारणा, बसविणाऱ्या तंत्रज्ञांचे कौशल्य, घरांची बांधणी आणि शासकीय धोरण या चौघांच्या एकत्रित परिणामामुळे.

बीजशब्द : उष्णता पंप, वायुस्रोत, कार्यगुणांक, डीफ्रॉस्ट, शीतक, इन्व्हर्टर, ऊर्जा धोरण, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रास्ताविक

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधाची तारीख आणि संशोधकाचे नाव यांना नेहमीच मानाचे स्थान मिळते. वाफेचे इंजिन म्हटले की जेम्स वॅट आणि विजेचा दिवा म्हटले की एडिसन, अशी आपली सवय झालेली आहे. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या सवयीवर नेमके बोट ठेवले. एखादे यंत्र केव्हा शोधले गेले यापेक्षा ते केव्हा, कोठे व कोणी वापरले, कोणी दुरुस्त केले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, असा त्यांचा आग्रह आहे. घरगुती उष्णता पंप हे या विधानाचे अत्यंत बोलके उदाहरण होय.

उष्णता पंप हे नाव आपल्याकडे काहीसे अपरिचित असले तरी ते यंत्र अपरिचित नाही. घरातील फ्रिज आणि भिंतीवरचा एसी ही त्याचीच रूपे आहेत. फ्रिज आतील उष्णता काढून मागील जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो, एसी खोलीतील उष्णता काढून गच्चीवर किंवा गॅलरीत सोडतो. हाच एसी उलट दिशेने चालविला, म्हणजे बाहेरची उष्णता काढून खोलीत सोडावयास लावला, की तो वायुस्रोत उष्णता पंप होतो. महाराष्ट्रात या उलट्या दिशेची गरज क्वचितच भासते. परंतु जेथे हिवाळ्यात पारा महिनोन्महिने शून्याखाली राहतो, तेथे घर तापविणे ही चैनीची बाब नसून जगण्या-मरण्याची बाब असते. तेथील कुटुंबे कोळसा, तेल किंवा वायू सोडून या यंत्रावर विसंबण्यास तयार झाली, हा गेल्या अर्धशतकातील एक महत्त्वाचा सामाजिक बदल आहे.

उद्दिष्टे व अभ्यासाची मर्यादा

१) गोठणबिंदूखालील हवामानात उष्णता पंप चालविताना उद्भवणाऱ्या मूलभूत अडचणी स्पष्ट करणे. २) त्या अडचणींवर वेगवेगळ्या देशांत व काळांत कशी मात केली गेली याचा आढावा घेणे. ३) या प्रक्रियेत सिद्धांत, कारागिरी व धोरण यांचे परस्परसंबंध तपासणे. अभ्यास घरगुती वायुस्रोत पंपापुरता मर्यादित असून भूस्रोत व जलस्रोत पंपांचा उल्लेख तुलनेपुरताच केला आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. थंड हवेत उष्णता असते का?

बर्फाळ हवेत उष्णता कोठून येणार, हा सामान्य माणसाचा पहिला प्रश्न असतो आणि तो स्वाभाविक आहे. याचे उत्तर निरपेक्ष शून्याच्या संकल्पनेत दडलेले आहे. पदार्थातील उष्णता पूर्णतः संपते ती उणे २७३ अंश सेल्सिअसला. उणे २० अंशांची हवा निरपेक्ष मापाने २५३ केल्व्हिन असते, तर २० अंशांची उबदार खोली २९३ केल्व्हिन. म्हणजे आपल्याला असह्य वाटणारी ती हवासुद्धा निरपेक्ष तापमानाच्या दृष्टीने खोलीच्या हवेपेक्षा केवळ सुमारे चौदा टक्क्यांनी कमी आहे.

उष्णता आहे, पण ती खालच्या पातळीवर आहे. विहिरीत पाणी आहे पण ते खोल आहे, अशी ही स्थिती होय. विहिरीचे पाणी आपोआप शेतात येत नाही, ते उपसावे लागते आणि पातळी जितकी खोल जाईल तितकी मोटार अधिक वीज खाते व पाणी कमी देते. उष्णता पंपाचेही तसेच आहे. बाहेरचे आणि घरात सोडावयाचे तापमान यांतील अंतर म्हणजे त्याच्या विहिरीची खोली. घरात ३५ अंशांचे पाणी फिरवावयाचे आहे आणि बाहेर ७ अंश आहेत, तर आदर्श यंत्राचा कार्यगुणांक, म्हणजे खर्च केलेल्या प्रत्येक एकक विजेमागे मिळणारी उष्णता, ११ इतका येतो. बाहेर उणे १५ असेल तर तो सुमारे ६ वर येतो आणि त्याच वेळी पाणी ५५ अंशांचे हवे असेल तर ५ च्याही खाली. प्रत्यक्षातील यंत्रे या आदर्शाच्या सर्वसाधारणपणे चाळीस ते पन्नास टक्के पल्ला गाठतात. म्हणजे उणे १५ अंशांतही चांगले यंत्र दोन ते अडीच पट उष्णता देते. साधा विद्युत हीटर मात्र कोणत्याही हवामानात एकास एक याहून अधिक देऊ शकत नाही.

२. सिद्धांताचा जन्म : उष्ण कटिबंधाची चिंता

या विचाराची सैद्धांतिक बैठक सादी कार्नो यांच्या १८२४ सालच्या प्रबंधात आहे. तथापि इमारत तापविण्यासाठी त्याचा उपयोग स्पष्ट शब्दांत मांडला तो ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने, १८५२ साली. बाहेरची हवा एका सिलिंडरमध्ये प्रसरण पावू द्यावी, थंड झालेल्या त्या हवेने बाहेरच्या वातावरणातून उष्णता शोषून घ्यावी आणि नंतर ती दाबून, तापवून इमारतीत सोडावी, अशी ही योजना होती. कोळसा थेट शेगडीत जाळण्याऐवजी त्याच्यावर इंजिन चालवून असे यंत्र फिरविल्यास थोड्या इंधनात पुष्कळ ऊब मिळेल, हा त्यातील युक्तिवाद होता.

या कल्पनेमागची पार्श्वभूमी लक्षणीय आहे. स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ हे त्याच सुमारास उष्ण कटिबंधातील खोल्या दाबलेल्या हवेच्या साहाय्याने थंड कशा कराव्यात याचा विचार करीत होते. थॉमसन यांच्या लेखाच्या शीर्षकातही तापविणे व थंड करणे ही दोन्ही कामे एकत्रच येतात. साम्राज्याच्या उष्ण प्रदेशांतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सुखसोयीची चिंता आणि थंड ग्लासगोतील शेकोटीची चिंता या दोहोंतून एकाच यंत्राची कल्पना आकारास आली, असे म्हणता येईल.

१८५० च्या दशकाच्या मध्यास ऑस्ट्रियातील पीटर फॉन रिटिंगर यांनी एबेन्झे येथील मिठागरात वाफ पुन्हा दाबून तिची उष्णता वापरण्याचे यंत्र उभे केले. उष्णता पंपाचा हा पहिला औद्योगिक प्रयोग मानला जातो. घरांपर्यंत मात्र ही कल्पना पोहोचली नाही. कारण उघड होते. ब्रिटनमध्ये कोळसा स्वस्त होता आणि तत्कालीन वाफेची इंजिने इतकी अकार्यक्षम होती की पंपाने मिळविलेला बहुतेक लाभ इंजिनातच गमावला जाई. थंड करण्याची बाजू पुढे गेली, कारण मांस, बिअर आणि बर्फ यांच्या व्यापाराला दुसरा पर्याय नव्हता. तापविण्याच्या बाजूला पर्याय होता, म्हणून ती मागे राहिली.

३. पहिली घरे, पहिल्या इमारती

विजेचे जाळे पसरल्यावर परिस्थिती बदलली. स्कॉटिश विद्युत अभियंता टी. जी. एन. हॉल्डेन यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधील आपल्या घरी उष्णता पंप बसवून त्याचे प्रयोग केले आणि १९३० साली त्यांवर निबंध वाचला. बाहेरची हवा हा त्यांच्या यंत्राचा एक उष्णतास्रोत होता. घरगुती वायुस्रोत पंपाच्या इतिहासात हे पहिले ठळक पाऊल होय.

पुढील महत्त्वाचा टप्पा स्वित्झर्लंडमध्ये गाठला गेला. कोळशाच्या खाणी नसलेल्या या देशात जलविद्युत होती आणि आयात इंधन बंद पडण्याची भीती होती. १९३८ साली झुरिचच्या जुन्या नगरगृहात लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसविण्यात आला. तो २००१ साली बदलण्यात आला, म्हणजे त्रेसष्ट वर्षे त्याचे स्थान टिकले. ब्रिटनमध्ये जॉन समनर यांनी १९४५ साली नॉर्विच येथे वेन्सम नदीच्या पाण्यावर असा पंप उभारला, तर १९५१ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी थेम्सच्या पाण्यावर असा पंप उभारण्यात आला.

या प्रयोगांत एक समान धागा दिसतो. यशस्वी झालेले बहुतेक पंप पाण्यावरचे होते. वाहत्या नदीचे पाणी कडक हिवाळ्यातही शून्याखाली जात नाही, हवा मात्र उणे २० अंशांपर्यंत सहज उतरते. नदी सर्वांच्या दारात नसते, हवा सर्वांच्या दारात असते. सर्वसामान्यांच्या घरासाठी हवेचाच पंप हवा होता आणि नेमका तोच सर्वांत अवघड होता.

४. बदनामीचा काळ : अमेरिका, १९५० ते १९७३

‘थंडीत उष्णता पंप चालत नाही’ या समजुतीचे मूळ प्रामुख्याने युद्धोत्तर अमेरिकेत सापडते. १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकसारख्या मोठ्या कंपन्यांनी उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारी एकत्रित यंत्रे बाजारात आणली. वीज कंपन्यांनाही ती हवी होती. एसीमुळे उन्हाळ्यात मागणी वाढत होती आणि त्यासाठी उभारलेली क्षमता हिवाळ्यात रिकामी राहत होती. १९५६ पासून ‘सर्व काही विजेवर’ असणाऱ्या घरांचा मोठा प्रचार झाला.

ही यंत्रे मुळात उष्ण दक्षिणेतील एसीची भावंडे होती. त्यांना थंडीत कामाला लावल्यावर चार अडचणी एकाच वेळी पुढे आल्या.

पहिली अडचण क्षमतेची. बाहेरचे तापमान घसरले की शीतकाच्या वाफेची घनता कमी होते, कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेऱ्यात कमी शीतक ओढले जाते आणि मिळणारी उष्णता घटते. घराची गरज मात्र त्याच वेळी वाढत असते. उदाहरणादाखल, एखाद्या घराला उणे १५ अंशांत १० किलोवॉट उष्णता लागते आणि जुन्या पद्धतीचा पंप त्या तापमानात ६ किलोवॉटच देतो असे मानू. उरलेले ४ किलोवॉट विजेच्या हीटरने भरून काढावे लागतील. पंपाचा कार्यगुणांक २ धरला तरी एकूण विजेचा खर्च ३ आणि ४ मिळून ७ किलोवॉट होतो. म्हणजे दुपटीचा लाभ प्रत्यक्षात दीडपटीपेक्षाही खाली येतो. ग्राहकाला विजेचे बिल दिसते, गणित दिसत नाही.

दुसरी अडचण बर्फाची. बाहेरची कॉइल हवेपेक्षा थंड असावी लागते, तरच उष्णता तिच्यात येते. ती शून्याखाली गेली की हवेतील बाष्प तिच्यावर गोठते, पात्यांमधील फटी बुजतात आणि हवाच वाहू शकत नाही. यावर उपाय म्हणजे चतुर्मार्गी झडपेने चक्र काही मिनिटे उलटे फिरवून घरातील उष्णतेने बाहेरचे बर्फ वितळविणे. यालाच डीफ्रॉस्ट म्हणतात. सुरुवातीच्या झडपा अडकत आणि डीफ्रॉस्ट केवळ घड्याळाच्या ठोक्यावर होई. बर्फ नसताना ऊब वाया जाई, बर्फ असताना वेळ झालेली नसे.

तिसरी अडचण कॉम्प्रेसरची. बंद यंत्र थंडीत पडून राहिले की द्रवरूप शीतक कॉम्प्रेसरच्या तेलात साचते. यंत्र एकदम सुरू होताच ते उसळते, वंगण पातळ होते, द्रव सिलिंडरमध्ये शिरतो आणि आतील भाग मोडतात. कडक थंडीत दाबाचे गुणोत्तर वाढल्याने बाहेर पडणारी वाफ अतितप्त होऊन तेलाचेही विघटन होते.

चौथी अडचण माणसांची. फर्नेस दुरुस्त करणाऱ्याला शीतकाचे ज्ञान नव्हते आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला हिवाळ्यातील घराच्या उष्णताव्ययाचे. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी संरक्षण विभागाने लष्करी निवासांत नवे उष्णता पंप बसविणे थांबविले. त्यानंतर यंत्रांत सुधारणा झाल्या, तेलात साचणारे शीतक उडवून लावणारे छोटे हीटर व संचायक टाक्या आल्या. पण नाव जे खराब झाले ते दीर्घकाळ तसेच राहिले. एका पिढीचा वाईट अनुभव पुढील पिढीकडे निसर्गनियम म्हणून पोहोचला, असे येथे दिसून येते.

५. तेलसंकट आणि उत्तरेकडील देश

१९७३ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या तेलसंकटात कच्च्या तेलाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाली. घरे तापविण्यासाठी आयात तेलावर मोठ्या प्रमाणावर विसंबलेल्या स्वीडनला हा धक्का मोठा होता. कर्जे, अनुदाने व संशोधन निधी यांच्या आधाराने १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे उष्णता पंपांची लाट आली. तथापि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, सवलती आटल्या आणि घाईघाईने बसविलेल्या निकृष्ट यंत्रांच्या तक्रारी उरल्या. अमेरिकेतील कथा येथेही घडण्याच्या बेतात होती.

ती घडली नाही याचे श्रेय धोरणातील सातत्याला द्यावे लागते. १९९० मध्ये फिनलंडने आणि १९९१ मध्ये स्वीडनने कार्बन कर लागू केला. १९९० च्या दशकात स्वीडिश शासकीय संस्थेने घरगुती पंपांसाठी उत्पादकांची स्पर्धा घेऊन कार्यक्षमता व किंमत यांच्या अटी ठरविल्या. स्वित्झर्लंडमध्ये १९९३ साली विंटरथूरजवळील टोस येथे केवळ उष्णता पंपांच्या चाचणीचे केंद्र सुरू झाले. ग्राहकाला जाहिरातीऐवजी तपासलेला आकडा मिळू लागला, ही यातील मोलाची गोष्ट होय.

नॉर्वेचा अनुभव वायुस्रोत पंपाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. जलविद्युत विपुल असल्याने तेथील घरे मुख्यतः भिंतीवरच्या विजेच्या हीटरांनी तापत. घरांत गरम पाण्याचे नळजाळे नव्हते. २००२ च्या कोरड्या शरद ऋतूत धरणे भरली नाहीत आणि त्या हिवाळ्यात विजेचे भाव भडकले. २००३ मध्ये शासनाने घरगुती पंपांना अनुदान दिले. बैठकीच्या खोलीत बसणारा, हवेतून हवेत उष्णता नेणारा साधा विभाजित संच लोकांनी मोठ्या संख्येने स्वीकारला. अतिशय थंड दिवसांसाठी जुनी लाकडाची शेगडी घरात होतीच. नवे यंत्र जुन्याला हुसकावून न लावता त्याच्या शेजारी बसले, म्हणून त्याच्यावर एकदम सर्व भार पडला नाही. २०२० पासून इमारती तापविण्यासाठी खनिज तेल जाळण्यास नॉर्वेत बंदी आली, तोवर समाजाची मानसिक तयारी झालेली होती. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार नॉर्वेतील सुमारे साठ टक्के इमारतींत उष्णता पंप होते आणि स्वीडन व फिनलंडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक होते. युरोपातील सर्वाधिक थंड देशच या यादीच्या शिरोभागी आहेत, ही गोष्ट जुन्या समजुतीचे सर्वांत प्रभावी खंडन करते.

६. यंत्रातील शांत क्रांती

या देशांत बसलेली अनेक यंत्रे मुळात जपानी घडणीची होती. जपानमध्ये १९७९ साली ऊर्जा-बचतीचा कायदा झाला आणि १९८०-८१ च्या सुमारास तोशिबाने इन्व्हर्टरवर चालणारी वातानुकूलन यंत्रे आणली. पूर्वीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण वेगाने चाले किंवा बंद राही. इन्व्हर्टरमुळे त्याची गती गरजेनुसार कमीअधिक करता येऊ लागली. सौम्य हवामानात संथ आणि कडक थंडीत जलद, अशा चालीमुळे क्षमतेची पहिली अडचण बऱ्याच अंशी दूर झाली आणि वारंवार चालू-बंद होण्याने होणारी झीजही कमी झाली.

पुढे स्क्रोल प्रकारच्या कॉम्प्रेसरमध्ये मध्यावर थोडी वाफ सोडण्याची योजना आली. दाबक्रियेच्या मधल्या टप्प्यावर सोडलेली ही तुलनेने थंड वाफ यंत्राला अतितप्त होण्यापासून वाचविते आणि उणे १५ ते उणे २५ अंशांतही पुरेशी उष्णता मिळवून देते. डीफ्रॉस्ट आता घड्याळावर न होता कॉइलचे व हवेचे तापमान तपासून, खरोखर गरज असेल तेव्हाच होऊ लागला.

शीतकाचा इतिहास या सर्वांशी निगडित आहे. १९३० च्या सुमारास आलेली क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील द्रव्ये सुरक्षित मानली गेली, पण ती ओझोन थर विरळ करतात हे उघड झाल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्यांना निरोप दिला. त्यानंतरची आर-४१०ए सारखी द्रव्ये ओझोनला निरुपद्रवी, परंतु हवामान तापविण्यात प्रबळ ठरली. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांचाही टप्प्याटप्प्याने त्याग करण्याचे ठरले. या दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे उणे ४२ अंशांना उकळणारा प्रोपेन आणि नॉर्वेचे गुस्ताव लोरेंत्सेन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा पुढे आणलेला कार्बन डायऑक्साइड यांना महत्त्व आले. कार्बन डायऑक्साइडवर चालणारा पाणी तापविणारा घरगुती पंप जपानमध्ये २००१ साली बाजारात आला.

७. वापराची विद्या

यंत्र सुधारले तरी ते गोठत्या हवेत नीट चालविणे ही वेगळी विद्या आहे आणि तिची नोंद इतिहासात क्वचितच होते. काही बाबींचा येथे उल्लेख करणे आवश्यक वाटते.

सर्वांत त्रासदायक हवामान उणे २० अंशांचे नसून शून्याच्या आसपासचे, धुके व ओलसरपणा असलेले असते. शून्य अंशावरील संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ५ ग्रॅम बाष्प असते, उणे २० अंशांवर ते जेमतेम १ ग्रॅम. म्हणून कोरड्या, कडाक्याच्या थंडीपेक्षा दमट थंडीत कॉइलवर बर्फ लवकर चढते. डीफ्रॉस्टच्या वेळी पंखा थांबतो, आवाज बदलतो आणि यंत्रातून वाफेचे लोट निघतात. नवख्या गृहस्थाला ते धूर वाटतात व तो यंत्र बंद करतो, जे करावयाचे नसते. वितळलेले पाणी खाली गोठून साचू नये म्हणून संच जमिनीपासून उंच, हिमाच्या अपेक्षित थरापेक्षा वर बसवावा लागतो. कॉइलवरील बर्फ टोकदार वस्तूने फोडले तर पाती वाकतात व नळी फुटते. दीर्घ वीजखंडानंतर यंत्राला काही तास नुसताच वीजपुरवठा देऊन तेल तापू द्यावे लागते.

याहून महत्त्वाचा फरक सवयीचा आहे. तेलाची भट्टी रात्री बंद करून सकाळी तासाभरात घर तापविता येते. उष्णता पंप संथपणे, अखंड चालावा यासाठी असतो. रात्री तापमान फार उतरविले तर पहाटेच्या सर्वांत थंड वेळी त्याला पूर्ण जोर लावावा लागतो आणि साहाय्यक हीटर सुरू होऊन बचत नाहीशी होते. तसेच किरणकांना जाणारे पाणी जितके कमी गरम ठेवता येईल तितका लाभ अधिक. यासाठी मोठे किरणक, भिंतींचे उष्णतारोधन व फटी बुजविणे आवश्यक ठरते.

बसविणाऱ्यांचे कौशल्य किती निर्णायक असते हे ब्रिटनमधील एनर्जी सेव्हिंग ट्रस्टच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसले. ८३ घरांतील पंपांपैकी अनेकांची कामगिरी अपेक्षेहून बरीच खाली होती आणि दोष बहुधा यंत्रात नसून मापात, जोडणीत व नियंत्रणांत होता. याउलट जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांची प्रत्यक्ष मापने घेऊन २०२० साली दिलेल्या निष्कर्षात वायुस्रोत पंपांचा सरासरी वार्षिक कार्यगुणांक ३.१ इतका आढळला. काही पंप २.५ वर होते तर काही ३.८ वर. घरे जुनीच आणि तत्त्वही तेच असताना पडणारे हे अंतर रचना व जोडणी यांचे महत्त्व सांगून जाते.

८. यंत्रापलीकडील प्रश्न

उष्णता पंपाचा गौरव करताना त्याच्या परावलंबित्वाकडे दुर्लक्ष करता येत नाही. जानेवारी १९९८ मध्ये क्युबेक प्रांतात हिमवर्षावी पावसाने विजेचे मनोरे कोसळले आणि दहा लाखांहून अधिक ग्राहक अंधारात व थंडीत राहिले, काही तर आठवडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये वायुपुरवठा व वीजकेंद्रे गोठून ठप्प झाली. तेथील निम्म्याहून अधिक घरे विजेवर तापत होती आणि राज्याच्या अधिकृत नोंदीनुसार २४६ माणसे दगावली. येथे दोष पंपाचा नव्हता, पण तापविण्याचा सारा भार एका जाळ्यावर टाकला की ते जाळे किती मजबूत आहे हा प्रश्न प्रत्येक घराचा होतो.

उत्तर चीनमध्ये २०१७ च्या हिवाळ्यात कोळशाच्या शेगड्या वेगाने हटविल्या गेल्या, पण पर्यायी व्यवस्था सर्वत्र तयार नव्हती. हेबेई प्रांतातील काही घरे व शाळा थंडीत राहिल्या आणि डिसेंबरमध्ये शासनाला बंदी शिथिल करावी लागली. बीजिंगच्या ग्रामीण भागात मात्र अनुदान व स्वस्त रात्रदर यांच्या जोडीने वायुस्रोत पंप रुजले. जर्मनीतही २०२३ साली तापनविषयक कायद्यावरून तीव्र राजकीय वाद झाला. त्यातील मूळ प्रश्न उणे १० अंशांत यंत्र चालते का हा नव्हता, तर त्याचा प्रारंभीचा खर्च कोणी सोसावा हा होता. अमेरिकेतील मेन या थंड राज्याने २०१९ मध्ये २०२५ पर्यंत एक लाख पंपांचे उद्दिष्ट ठेवले आणि ते २०२३ मध्येच पूर्ण केले. ज्या देशात या यंत्राची बदनामी झाली त्याच देशातील ही घटना आहे.

निष्कर्ष

१) गोठत्या हवेतून उष्णता मिळविण्यास निसर्गनियमांचा अडसर कधीच नव्हता. १८५२ पासून सिद्धांत उपलब्ध होता. अडसर होता तो स्वस्त इंधनाचा, अपुऱ्या यंत्ररचनेचा आणि अप्रशिक्षित जोडणीचा.

२) थंडीत पंप निकामी ठरतो ही समजूत उष्ण प्रदेशासाठी घडविलेली यंत्रे थंड प्रदेशात वापरल्यामुळे निर्माण झाली. एका परिस्थितीसाठी घडलेले तंत्रज्ञान जसेच्या तसे दुसरीकडे नेल्यास दोष तंत्रज्ञानाच्या माथी येतो, हा धडा आपल्याकडील आयात यंत्रांनाही लागू पडतो.

३) यशाचे श्रेय एका संशोधकाला देता येत नाही. झडपा, गतिनियंत्रण, शीतक, डीफ्रॉस्ट अशा अनेक लहान सुधारणांची ती बेरीज आहे. तिच्यात हिमाच्या थरावर संच बसविणारा तंत्रज्ञ आणि त्याची चाल समजून घेणारी गृहिणी यांचाही वाटा आहे.

४) सातत्यपूर्ण धोरण व निःपक्षपाती चाचणी जेथे होती तेथे हे तंत्रज्ञान टिकले. जेथे केवळ अनुदानाची घाई होती तेथे ते प्रथम फसले.

५) थंड प्रदेशातील ऊब आता उत्तरोत्तर विजेच्या जाळ्यावर अवलंबून राहणार आहे. त्यामुळे घराच्या भिंतींचे उष्णतारोधन, विजेची खात्री आणि खर्चाची न्याय्य वाटणी हे प्रश्न यंत्राच्या कार्यगुणांकाइतकेच महत्त्वाचे ठरतात. इतिहासाच्या अभ्यासकाने या यंत्राकडे पाहताना शोधाच्या तारखेपाशी न थांबता त्याने ज्या घरांना ऊब दिली आणि ज्यांना दिली नाही, त्या घरांपर्यंत गेले पाहिजे.